वाचलेली, सोडलेली आणि राहिलेली

‘सध्या काय वाचतेयस?’ असं विचारणारे खूप भेटतात. ‘सध्या काय सोडलंस?’ असं मात्र कुणी विचारत नाही. खरं तर या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर जास्त लांबलचक आहे. गेल्या वर्षभरात मी नऊ कादंबऱ्या शेवटपर्यंत वाचल्या आणि अकरा मध्येच थांबल्या. थांबल्या म्हणजे काय, तर खूण म्हणून आत घातलेलं बसचं तिकीट किंवा औषधाच्या दुकानाची पावती तशीच आहे आणि ते पुस्तक दुसऱ्या पुस्तकाखाली गेलं आहे.

या अकरांची यादी करताना एक गंमत लक्षात आली. त्यातलं एकही पुस्तक वाईट नाही. वाईट पुस्तकं मी सगळी संपवली आहेत! वाईट कादंबरी सरसर वाचून होते, कुठे अडायला होत नाही, रात्री दीडला संपते आणि सकाळी नायकाचं नावही आठवत नाही. अडायला होतं ते बऱ्या पुस्तकातच. मग वाटलं, हे माझ्या एकटीचं आहे की मराठी वाचकाचं आधीपासूनच असं आहे? पुस्तक मध्येच सोडण्याला काही इतिहास आहे का? कोणती पुस्तकं खपली, कोणती गाजली, कुणाला पारितोषिक मिळालं याच्या नोंदी असतात. सोडण्याची नोंद कोण ठेवणार? पण शोधायला बसलं की तिच्याही खुणा सापडतात. त्या खुणांबद्दल, आणि त्या निमित्ताने यंदा वाचलेल्या-सोडलेल्या कादंबऱ्यांबद्दल थोडं लिहावंसं वाटलं.

अगदी मुळापासून सुरुवात करू. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चं नाव घेतलं जातं. ती १८५७ सालची. मग १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. आपण शाळेत ही नावं पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. यातली ‘यमुनापर्यटन’ मी या वर्षी हातात घेतली आणि सोडली. विधवांच्या हालांबद्दल त्या काळात कुणीतरी इतकं स्पष्ट लिहिलं याचं मोल आहेच, पण पदमनजींना गोष्टीपेक्षा उपदेशाची घाई आहे. प्रवासात भेटणारा प्रत्येक माणूस आपलं दुःख सांगून झाल्यावर लेखकाच्या धर्मविचारांना वाट करून देतो आणि निघून जातो. पहिल्या काही भेटींनंतर पुढच्या भेटीत काय होणार ते कळायला लागतं. तिथे मी थांबले. पहिलेपणाचा मान देऊन थांबले.

खरी गंमत पुढे आहे. त्या काळात कादंबरी बऱ्याचदा पुस्तक म्हणून लोकांपुढे येतच नसे. ती नियतकालिकातून तुकड्यातुकड्याने यायची. गुंजीकरांची ‘मोचनगड’, म्हणजे मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, ‘विविधज्ञानविस्तारा’तून अशीच आली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्यांच्या कादंबऱ्या बहुतेक तिथूनच हप्त्याहप्त्याने वाचकांपर्यंत गेल्या. ‘पण लक्षात कोण घेतो’, ‘मी’, ‘उषःकाल’ ही सगळी नावं त्या काळातली.

आता विचार करा, अशा वाचकाला कादंबरी सोडायची कशी? हातात आहे तो एक हप्ता. तो वाचायला लागणार थोडा वेळ. कंटाळा यायच्या आत प्रकरण संपलेलं, आणि पुढचं हवं असलं तरी लगेच मिळत नाही. सोडण्यासाठी आधी पुस्तक अख्खं समोर असावं लागतं, अजून केवढं उरलंय हे अंगठ्याने चाचपता यावं लागतं. ‘करमणुकी’च्या वाचकाकडे ती सोयच नव्हती.

त्यामुळे त्या काळात कादंबरी मध्येच सोडायचे ते लेखक! हे मी विनोदाने म्हणत नाही. हरिभाऊंची ‘आजच’ अपुरी राहिली, ‘कर्मयोग’ अपुरी राहिली, आणखीही काही राहिल्या. एका हाताने साप्ताहिक चालवायचं आणि दुसऱ्या हाताने एकाच वेळी सामाजिक आणि ऐतिहासिक अशा कादंबऱ्या पुढे न्यायच्या, म्हटल्यावर दुसरं काय होणार? तिकडे विलायतेतही हेच. डिकन्सच्या शेवटच्या कादंबरीचे बारा हप्ते ठरले होते. त्यातले सहा लिहून १८७० मध्ये तो गेला आणि एडविन ड्रूडचं काय झालं यावर लोक आजपर्यंत तर्क लढवत बसले आहेत. आपल्याकडे ‘कर्मयोगा’चं पुढे काय झालं असतं यावर कुणी भांडल्याचं मी तरी ऐकलं नाही. असो.

‘पण लक्षात कोण घेतो’ ही या वर्षी मी पूर्ण वाचलेल्यांपैकी. कॉलेजात असताना दोनदा घेतली होती आणि दोन्ही वेळा यमूच्या लहानपणातच अडकले होते. भातुकली, भावंडं, आजोळ, वडिलांचा राग, हे चालूच. यंदा एक युक्ती केली. दिवसाला एकच प्रकरण वाचायचं, कितीही वाटलं तरी दुसरं नाही. म्हणजे ‘करमणुकी’च्या वाचकाचं शिस्तीचं जेवण जेवायचं. आणि काय सांगू, कादंबरी चालायला लागली! जो पाल्हाळ वाटत होता तो पाल्हाळ नव्हताच. आठवडाभराने परत भेटणाऱ्या वाचकाला यमूच्या घरात पुन्हा बसवण्यासाठी तेवढं बोलणं लागतंच. एका बैठकीत दीडशे पानं ओढली की तेच बोलणं जड होतं. मुंबईत नवऱ्याबरोबरचे तिचे ते थोडे सुखाचे दिवस, लिहिणं-वाचणं, बरोबरीच्या बायकांशी गप्पा, हे सगळं मी पंधरवडाभर रोज थोडं थोडं वाचत होते. त्यामुळे पुढे रघुनाथराव जातात आणि तिच्यावर केशवपनाची जबरदस्ती होते, तेव्हा ओळखीच्या माणसावर काही ओढवल्यासारखं झालं. त्या दिवशी एक प्रकरणसुद्धा जास्त झालं.

म्हणून माझं पहिलं मत असं, की पुस्तक सोडलं जातं तेव्हा दोष पुस्तकाचाच किंवा वाचकाचाच असतो असं नाही. एका चालीसाठी लिहिलेलं आपण दुसऱ्या चालीने वाचत असतो.

हप्त्यांनंतरचा जमाना वाचनालयांचा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये सुरू झालं, ठाण्याचं त्याच्याही पाच वर्षं आधी. पुढे गिरगाव, दादर, पार्ले इथे गल्लोगल्ली खासगी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या आल्या. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची आणि एका वेळी एक पुस्तक, एक मासिक न्यायचं. आमची आजी गिरगावातली, त्यामुळे या जगाच्या गोष्टी घरात ऐकून आहे. दुपारी जेवणं आटोपली की पिशवी घेऊन ती पुस्तक बदलायला जायची. पुस्तक ‘बदलायला’ हा तिचा शब्द. तिने कधी ‘पुस्तक संपलं’ किंवा ‘सोडलं’ म्हटलं नाही. आवडलं तरी बदलायचं, नाही आवडलं तरी बदलायचं. वर्गणी महिन्याची होती, तेव्हा नावडत्या पुस्तकावर दिवस घालवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ताटात टाकलेलं तिला चालायचं नाही, आमच्यावर त्यासाठी ओरडायची, पण पुस्तक विसाव्या पानावर टाकून दिल्याचं तिला काही वाटायचं नाही.

वाचनालयाच्या पुस्तकांत सोडण्याची ती नोंद सापडते ज्याबद्दल मी वर म्हटलं. जुनं, बांधणी केलेलं, खाकी पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या आणि मिटून त्याची कड बघा. पहिला काही भाग मळकट, बोटांनी काळवंडलेला असतो आणि मग एकदम कागद स्वच्छ होतो. जिथे रंग बदलतो तिथे माणसं उतरून गेली. किती जण चढले हे मागच्या तारखांच्या शिक्क्यांवरून कळतं आणि कुठे उतरले हे कडेवरून. मला तर वाटतं, आपल्या समीक्षकांनी अधूनमधून पुस्तकांच्या कडा वाचाव्यात. :)

बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची कड मात्र सगळीकडून सारखीच काळी असणार. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू… हजाराच्या वर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या आणि त्यातली एखादी कुणी अर्धवट टाकली असेल असं मला वाटत नाही. पण अर्नाळकर वाचून मोठ्या झालेल्या माणसाला विचारा, सगळ्यात आवडती कुठली? तो झुंजारबद्दल भरभरून बोलेल, पुस्तकाचं नाव सांगताना मात्र अडखळेल. मी माझ्या काकांवर हा प्रयोग केला आहे. (काका, रागावू नका.) म्हणजे शेवटपर्यंत वाचलं जाणं आणि लक्षात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साठच्या दशकात पुस्तक घरात यायला लागलं. म्हणजे त्याआधीही लोक विकत घेत होते, पण ‘स्वामी’ (१९६२), ‘मृत्युंजय’ (१९६७), ‘श्रीमान योगी’ (१९६८) या कादंबऱ्यांनी मध्यमवर्गीय घरात जागा केली तशी आधी कुणी केली नसावी. बक्षीस म्हणून, लग्नात आहेर म्हणून, निवृत्तीच्या समारंभात शालीबरोबर… ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही तिथेही यातलं एखादं निघतंच. त्यात प्रकाशनपूर्व सवलतीची सोय झाली आणि जाडजूड ग्रंथ आगाऊ पैसे भरून घेण्याची सवय लागली. आणि मग वाचकाला एक नवीन दुखणं जडलं, जे माझ्या आजीला माहीतच नव्हतं. विकत घेतलेलं पुस्तक बदलता येत नाही. ते कपाटातून आपल्याकडे बघत राहतं. पाहुणे आले की विचारतात, ‘वाचलंस का हे?’ आणि आपण म्हणतो, ‘अर्धं झालंय.’ हे ‘अर्धं’ म्हणजे चाळीस पानं.

तरी ऐतिहासिक कादंबऱ्या सहसा सोडल्या जात नाहीत हेही खरं. याचं कारण मला या वर्षी ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ पुन्हा वाचताना सापडलं. ती १९७२ सालची. २०१५ मध्ये सिनेमा आला तेव्हा सगळ्यांनी पुन्हा शोधून काढली. मी राहते वर्सोव्यात. इथल्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे मढ, आणि मढच्या टोकाला तो पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला. बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा वसईच्या मोहिमेवर होते तेव्हा, १७३९ मध्ये, मराठ्यांनी तो घेतला. त्यामुळे पेशव्यांवरचं काही वाचलं की माझ्या मनात शनिवारवाड्याच्या आधी ही खाडी येते. फेरीबोटीतून पलीकडे जाताना शेजारी माशांच्या पाट्या घेतलेल्या कोळिणी, कॉलेजची मुलं, कुठल्यातरी मालिकेच्या चित्रीकरणाला निघालेले ‘ज्युनियर आर्टिस्ट’ आणि मांडीवर ‘राऊ’. बाजीराव १७४० मध्ये रावेरखेडीला जाणार हे मला पहिल्या पानापासून ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच आपण पुस्तक सोडत नाही! शेवट माहीत असलेल्या वाटेवर चालायला भीती वाटत नाही. ‘राऊ’ची भाषा मला मध्ये मध्ये फार नटलेली वाटली, संवाद नाटकी वाटले, पण थांबावंसं एकदाही वाटलं नाही.

जी कादंबरी आपल्याला कुठे नेतेय तेच कळत नाही, ती खाली ठेवली जाते. आणि इथून मला खरं म्हणायचं आहे ते सुरू होतं.

मराठीत अशा कादंबऱ्या थोड्या नाहीत. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ ची. दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून पूर्वेकडे येणारी बोट, बोटीवर घरदार सोडून निघालेले ज्यू, चक्रधर आणि हेर्टा. एवढीशी कादंबरी, एका संध्याकाळी होते. मी दर दोन-तीन वर्षांनी वाचते, यंदाही वाचली. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ १९४२ ची. मनात येणारे विचार जसे येतील तसे कागदावर, मध्ये थारा नाही. कवी मर्ढेकर सगळ्यांना माहीत, कादंबरीकार मर्ढेकर अभ्यासक्रमापुरते. ही मी सोडली, कबूल. तिसाव्या पानाच्या आसपास माझंच डोकं माझ्याशी बोलायला लागलं आणि मर्ढेकरांचं ऐकू येईना. पण ती माझ्या ‘पुन्हा बघू’च्या गठ्ठ्यात आहे, रद्दीच्या नाही.

आणि मग किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’. मौजेने १९७४ मध्ये काढली. लेखक तेव्हा बत्तीस वर्षांचा. या वर्षी वाचलेल्या नऊ कादंबऱ्यांत मला सगळ्यात जास्त हलवलं ते हिने. नावापासूनच हिशेब चुकलेला. कुशंक पुरंदरे नावाचा तरुण, त्याची प्रेमं, दुखणी, मित्र, चाळीतलं जगणं, भूक, पण यातलं काहीच सरळ ओळीत येत नाही. काळ मागेपुढे होतो. आत्ता कुणाशी बोलतोय ते पान उलटल्यावर कळतं. दोन पानांपूर्वी हसलो त्याची लाज वाटावी असं काहीतरी तिसऱ्या पानावर येतं. मी तीन वेळा थांबले आणि तीन वेळा परत गेले. जे पुस्तक सोडून परत धरावंसं वाटतं त्याच्याबद्दल वेगळं प्रशस्तिपत्रक लिहायची गरज नसते.

ही कादंबरी आली तेव्हा जाणकारांनी तिची नोंद घेतली. पण ‘मृत्युंजय’ ज्या घरांत पोचली त्या घरांत ही पोचली नाही. तिला हाती घेतलेल्यांनी मध्येच खाली ठेवलं, आणि बाकीच्यांनी हातीच घेतलं नाही. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नगरकरांनी ‘रावण अँड एडी’ मराठीत लिहायला घेतली होती, पण ती पूर्ण झाली आणि १९९५ मध्ये बाहेर आली ती इंग्रजीत. मग ‘ककोल्ड’ आली, तीही इंग्रजी, आणि तिला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही अर्थात इंग्रजीसाठीचा. मुंबईच्या चाळीतले रावण पवार आणि एडी कुटिन्हो मराठी वाचकाला भेटले ते अनुवादातून. २०१९ मध्ये नगरकर गेले. मराठीत मूळ लिहिलेली त्यांची कादंबरी एकच राहिली.

याचं खापर एकट्या वाचकावर फोडता येणार नाही. त्यांचं शिक्षण इंग्रजीतलं, काम जाहिरातीच्या क्षेत्रातलं. त्यांच्या ‘बेडटाइम स्टोरी’ या नाटकाला सेन्सॉरने आणि इतरांनी इतका त्रास दिला की ते कित्येक वर्षं रंगमंचावर येऊ शकलं नाही. लेखक भाषा का बदलतो याला दहा कारणं असतात. पण लिहिलेलं घेऊन बसलेलं कुणीतरी समोर आहे, ही जाणीव लेखकाला धरून ठेवते. एका माणसाने पुस्तक सोडणं ही त्याची खासगी गोष्ट, त्यात अपराध कसला? पण एकाच वेळी सगळ्यांनी मिळून सोडणं ही खासगी गोष्ट राहत नाही. तेव्हा पुस्तकासोबत त्या लेखकाची पुढची, न लिहिलेली पुस्तकंही सुटतात. हरिभाऊंच्या काळी लेखकाने कादंबरी अर्धवट सोडली. नंतर वाचकांनी सोडली. आणि इथे लेखकाने भाषाच बदलली. माझ्या मते मराठी कादंबरीच्या इतिहासातलं हे सगळ्यात महाग पडलेलं सोडणं आहे.

तुम्ही म्हणाल, मग काय सगळं शेवटपर्यंत वाचायचं? अजिबात नाही. मीच बघा. नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० मध्ये आली. ‘झूल’नंतर एकतीस वर्षं लोक नेमाड्यांच्या कादंबरीची वाट बघत होते. पाचशेहून जास्त पानं. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून सुरुवात, मग खंडेरावाचं गाव, घर, शेती, जाती, बायकांची गाणी, वाद, म्हणी, शिव्या… ‘कोसला’ मी तीन वेळा वाचली आहे, पांडुरंग सांगवीकर अजून कुठे भेटला तर ओळखेन. ‘हिंदू’ मात्र दोनशेव्या पानाच्या पुढे गेली नाही. आमच्या ओळखीत ती निम्म्या लोकांकडे आहे आणि बहुतेकांची खूण पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच आहे. नंतर नेमाड्यांना २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा सगळ्यांनी ती परत बाहेर काढली, पुसली आणि परत ठेवली.

पण ‘हिंदू’ सोडल्याची मला खंत नाही, कारण ती पुस्तकासारखी वाचायची नसावीच असं आता वाटतं. नावातच अडगळ म्हटलंय! माळ्यावर चढल्यावर आपण पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत क्रमाने थोडंच जातो? हाताला येईल ते उघडतो, बघत बसतो, उतरतो. मी आता ‘हिंदू’ कुठलंही पान उघडून दहा-बारा पानं वाचते. अशा हिशेबाने ती बहुधा जन्मभर पुरेल. रंगनाथ पठाऱ्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) हीसुद्धा सध्या मध्यावर थांबली आहे. एका कुळाच्या निमित्ताने कित्येक शतकांचा मराठी समाज उभा करायचा, म्हणजे केवढा आवाका! पहिल्या पिढ्यांत मी रमले होते. मग पिढी बदलली की आधीची माणसं सुटतात आणि नव्यांशी ओळख करायला अंगात बळ लागतं. तेवढं सध्या नव्हतं. ती मी सोडली नाही, ती राहिली आहे.

हा ‘राहिली’ शब्द मला फार आवडतो. आपण ‘पुस्तक सोडलं’ असं क्वचितच म्हणतो. ‘वाचायचं राहिलं’ म्हणतो. भेटायचं राहिलं, विचारायचं राहिलं, तसंच. त्यात ते कधीतरी होणार आहे ही आशा आहे आणि थोडी चुटपुटही आहे.

संपवलेल्यांतल्या दोघींबद्दल सांगते आणि थांबते. श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’. हिला २००८ चं साहित्य अकादमी मिळालं, तरी ती वाचलेली माणसं मला बोटावर मोजण्याइतकीच भेटली. छोटी छोटी वाक्यं, रोजच्या घरातले लोक आणि त्यांच्या तोंडी एकदम अवघड प्रश्न. सुरुवातीला वाटतं हा माणूस आपली थट्टा करतोय. मग कळतं की थट्टा चालली आहे ती आपल्या विचार न करण्याच्या सवयीची. दुसरी कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, २०२३ चं साहित्य अकादमी मिळालेली. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे रानात राहून गेलेल्या म्हशीला आणायला परत गेलेला माणूस. बस, एवढंच. बोलीतली भाषा पहिल्या पंचवीस पानांत दमवते. मी जूनमध्ये वाचली. खाडीत होड्या ओढून ठेवलेल्या, मासेमारी बंद, बाहेर दिवसभर पाऊस, पुस्तकांना दमट वास. त्या पंचवीस पानांनंतर मात्र भाषा कानात बसली आणि रान दिसायला लागलं. माणसांनी सोडून दिलेलं जनावर रानटी होतं आणि मालकालाच ओळखेनासं होतं… यावर जास्त बोलत नाही, वाचा.

या दोन्ही पुस्तकांचं एक साम्य आहे. दोन्ही पहिल्या पंचवीस पानांत सोडण्यासारखी आहेत. मी मध्यंतरी स्वतःसाठी एक नियम केला. छपाई गुळगुळीत आहे, भाषा ओळखीची आहे, पुढे काय होणार ते कळतंय, तरी कंटाळा येतोय, असं असेल तर पुस्तक खुशाल खाली ठेवायचं. आजीसारखं बदलून टाकायचं. पण कंटाळा येण्याचं कारण ‘कळत नाही’ हे असेल तर आणखी पंचवीस पानं द्यायची. नवीन लेखक असेल तर पन्नास. आपल्या भाषेत आज कुणीतरी तिशीतलं, अवघड, हिशेब चुकवणारं काहीतरी लिहीत असणार. त्याला निदान एवढं तरी आपण देऊ शकतो. पन्नास पानांनंतर सोडलं तर सोडलं, पण सोडल्याचंही कुणाला तरी सांगायचं. कुठे सोडलं, का सोडलं. ‘वाचलं, छान आहे’ यापेक्षा ते ऐकून लेखकाला जास्त बरं वाटेल असा माझा अंदाज आहे.

पुढच्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला जायची आहे, म्हणजे दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात, म्हणजे अर्ध्याहून जास्त पुस्तकं जाणार. मी ठरवलंय, वाचून झालेली वाचनालयाला द्यायची आणि राहिलेली बरोबर न्यायची. घरात यावरून वाद चालू आहे, कारण जाडी पुस्तकं सगळी दुसऱ्या गठ्ठ्यात आहेत.

तर तुमची यादी सांगा. संपवलेल्यांची नको, ती सगळेच सांगतात. राहिलेल्यांची सांगा, आणि खूण कुठल्या पानावर आहे तेही. आणि आत्या, तू ‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंड नेला होतास. दुसरा माझ्याकडे पडून आहे. तुझा वाचून झाला असेल तर पाठव, नसेल झाला तर कुठपर्यंत आलीस तेवढं कळव.